फुटबॉलमध्ये पोरांना ११ जणांत उतरवायची घाई नको

१० वर्षांच्या पोरांना पाच-पाच किंवा सात-सात जणांत, चार नंबरच्या, म्हणजे मोठ्यांच्यापेक्षा लहान बॉलवर खेळव. बॉल प्रत्येकाच्या पायाला जास्त वेळा लागतो. मोठ्या मैदानावर बारकी पोरं नुसती पळत राहतात.

खरं काम पास यायच्या आधीचं. बॉल येतोय तोवर पोरानं खांद्यावरून मागं बघितलं का, अंग अर्धं वळवून बॉलपासून लांबच्या पायावर तो घेतला का, तेवढंच बघ. पुढं मोठ्या सामन्यांत विचाराला सवडच मिळत नाही, तिथं हीच सवय कामी येते.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला; आता पालक लगेच विचारतात, 'आमचा स्ट्रायकर, म्हणजे पुढं राहून गोल मारणारा, होणार ना?' बाराव्या वर्षापर्यंत सगळ्या जागी फिरव, गोलातही. आणि लाइनीवरून 'मार, मार' ओरडणाऱ्यांना प्रेमानं पण ठामपणे थांबव.