नाणं परत करण्याचा हट्ट सोडा, भरपाई मागा

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी प्रदर्शनात कॉपर-निकेलचं पाच रुपयांचं 'ब्रोकेज' (टांकसाळीत चुकून उलटा ठसा पडलेलं) नाणं १८,००० रुपयांना घेतलं आणि कपाटात ठेवलं. बिलावर 'ओरिजिनल मिंट एरर' (टांकसाळीतलीच अस्सल चूक) लिहिलंय. आता जाणकार म्हणतात, ते व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) दाबून बिघडवलंय. विक्रेता म्हणतो, चिंचेने तुम्हीच धुतलं, परत घेणार नाही.

उत्तर : घेतलं आणि कपाटात ठेवलं, ही ओळ अशा प्रत्येक पत्रात असते. तुमची अडचण चिंचेत नाही, त्या चौदा महिन्यांत आहे. मालविक्री कायदा, १९३० चं कलम ४२ सांगतं की वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. त्यामुळे 'नाणं घ्या, पैसे परत द्या' ही मागणी टिकणं अवघड आहे. नुकसानभरपाईचा हक्क मात्र कलम ५९ नुसार शिल्लक राहतो. बिलावर ते तीन शब्द आहेत म्हणून ही वर्णनावरून झालेली विक्री ठरते, आणि तुमचा सगळा दावा त्या शब्दांवर उभा आहे. मूळ बिल जपा.

चिंचेचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे. खोल उमटलेल्या उलट्या सिंहमुद्रेखाली '५' चा पुसट आकडा दिसतो. टांकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचा उलटा ठसा पडतो, ते ब्रोकेज. पूर्ण ब्रोकेजमध्ये त्या बाजूला '५' चा साचा लागलेलाच नसतो, मग आकडा आला कुठून? दुसरी बाजूही चपटलेली दिसते. हे धुण्याने होत नाही. तरी धुवायला नको होतं. जुन्या नाण्याला चिंच लावायची सवय आता तरी सोडा.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे (ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ६९). ती बिलाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे दहा महिने उरले. तक्रार तुमच्याच जिल्ह्यात करता येते. 'पुढे चांगला भाव येईल' असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा हे पुनर्विक्रीसाठी घेतलेलं होतं, म्हणून तुम्ही 'ग्राहक'च नाही, असा मुद्दा समोरचा काढेल. तो टिकेल की नाही, हे तुमच्या आधीच्या खरेदी-विक्रीवर अवलंबून आहे. पत्रात त्याविषयी काहीच नाही, म्हणून मी ठाम बोलत नाही.

नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत बिलाची प्रत आणि दोन्ही बाजूंचे मोठे फोटो जोडा. नाणं पाकिटात घालून सील करा. आयोगाने तपासणीला मागेपर्यंत ते उघडू नका, कोणाच्या हातातही देऊ नका.