शंका-समाधान: सही केली नाही तर मी सौम्य नाही का?

प्रश्न: बाई, सलाम. माझे वडील गेल्या जूनमध्ये प्रभूजवळ गेले. तीन एकर जमीन आहे, मृत्युपत्र नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलं. आता भाऊ म्हणतो, हक्कसोड करून दे, तुझ्या लग्नाला खर्च झालाच होता. आमच्या पाळकसाहेबांना विचारलं, तर त्यांनी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला: "जे सौम्य ते धन्य." म्हणाले, सोडून द्या, स्वर्गातलं वतन मोठं. आमची मिळकत बेताची. मुलगी बारावीला आहे, तिला नर्सिंगला घालायचंय. सही केली नाही तर ख्रिस्ती म्हणून मी चुकते का?
– एक भगिनी, नेवासे तालुका

उत्तर: प्रिय भगिनी, सलाम.

पाळकसाहेबांनी वचन अर्ध्यावर सोडलं. पुढचं वाचा: "कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील." पृथ्वीचे. स्वर्गाचं राज्य दोन ओळी वर आहे, ते आत्म्याने दीन असणाऱ्यांना सांगितलंय. सौम्यांच्या वाट्याला मात्र जमीनच आली आहे, आणि तुमचं भांडण नेमकं जमिनीचंच आहे.

या ओळीवर माझे आजोबा हसायचे. ते गावचे येसकर. सांगावा पोचवायचा, मेलेली जनावरं ओढायची, वेळी-अवेळी चावडीवर हजर राहायचं, आणि त्याबदल्यात वतनाचा एक तुकडा. बाप्तिस्मा झाला तरी येसकरकी सुटली नव्हती. ते म्हणायचे, "वतन भोगतील म्हणे! आम्ही काय कमी भोगलं?" पुढे 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून तीच जमीन नव्या शर्तीवर आजोबांच्या नावे झाली. त्या दिवसापासून मात्र ते हे वचन न हसता म्हणायला लागले. आपल्या लोकांच्या हातात जमिनीचा कागद अजून पुरता जुना झालेला नाही. त्यामुळे कुणी "सोडून द्या" म्हटलं की माझे कान टवकारतात.

आता सौम्य म्हणजे कोण? मत्तयाचाच 21वा अध्याय उघडा. पाचव्या ओवीत येशू गाढवावर बसून येतो, तिथे त्याला सौम्य म्हटलंय. बाराव्या ओवीत तोच मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग उलथे करतो. मधे सहाच ओव्या. म्हणजे सौम्य माणूस मुळमुळीत असतो, असं तरी शास्त्र सांगत नाही.

आणि मुलींनी बापाचा वाटा मागितला तर काय, हेही शास्त्रात आहे, फक्त त्यावरचा उपदेश कुणी ऐकवत नाही. गणना, अध्याय 27. सलाफहादाच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, भाऊ नाही. मोशे, याजक आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, आम्हाला वतन द्या. मोशेने देवाला विचारलं आणि देव म्हणाला, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. (36व्या अध्यायात त्यांचे भाऊबंद येतात, आणि लग्न आपल्याच वंशात करायचं अशी अट पडते. भाऊबंदकी तेव्हाही होतीच.)

तुमच्या बाजूची वचनं दाखवली, तसं बोचणारंही एक दाखवते. लूक 12 मध्ये एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू नकार देतो: मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि लोभापासून जपा म्हणतो. "तुझा हिस्सा सोड" असंही तो म्हणत नाही, पण लोभाची गोष्ट दोघांनाही लागू आहे. एकटीनं बसून त्यावर विचार करा. नर्सिंगची फी हा लोभ नाही. भावजयीच्या नव्या पाटल्या बघून जीव जळत असेल, तर तो आहे.

आता माझं सांगते. हे मी आजवर या पानावर लिहिलेलं नाही.

1986 साली मीही हक्कसोड केलं. भाऊ शाळेत घ्यायला आला, मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले. कचेरीत अंगठ्याला शाई लावली, सही केली. बाहेर आल्यावर भावाने उसाचा रस पाजला, आलं-लिंबू घालून. मी पदराला अंगठा पुसत होते आणि तो माझ्याकडे न बघता गाडीवाल्याशी उसाच्या भावावर बोलत होता. मंडळीत माझं नाव झालं, किती सोशिक बाई! खरं म्हणजे सही मी सौम्यपणानं केलीच नव्हती. माहेर तुटेल या भीतीनं केली होती.

मग काय झालं ऐका. दर नाताळला माहेराहून फराळाचा डबा यायचा. मी करंज्या मोजायची. एका वर्षी पंचवीस, पुढच्या वर्षी सतरा. देवाच्या जन्माच्या सणाला मी करंज्यांवरून जमिनीचा हिशेब करत बसायची. अकरा वर्षं. शेवटी आई गेली, आणि तिला माती देऊन आल्यावर मागच्या ओट्यावर मी भावाला म्हटलं, "मी ती जमीन मनातून दिली नव्हती." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अक्का, तेव्हाच का नाही बोललीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसले म्हणजे शांती केली, असं मी समजत होते. वचनात "शांती करणारे" आहे, "शांत बसणारे" नाही. मी बोलले असते तर त्याने कदाचित ऐकलं नसतं, पण त्याला ऐकायची संधीच मी दिली नाही.

म्हणून सांगते, सही करायची की नाही हे मी ठरवणार नाही. द्यायचंच असेल तर आपलं आहे हे आधी समजून द्या. आपण ख्रिस्ती लोक भारतीय वारसा कायदा, 1925 खाली येतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, आणि लग्नाचा खर्च त्यातून वजा होत नाही. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की ते सहज फिरत नाही. भाऊ नुसत्या बाँडवर सही मागत असेल, तर "वकिलाला दाखवून सांगते" म्हणा. एवढं म्हणायला उद्धटपणा लागत नाही. आणि बोलायला जाल तेव्हा पाळकसाहेबांना मधे घेऊ नका. भावाच्या घरी जा, चहा घ्या, मुलीच्या फीचा आकडा सांगा. अर्धा एकर द्याल, पीक वाटून घ्याल, किंवा काहीच सोडणार नाही, ते त्याच्या तोंडावर सांगा.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात खटकली. दोन पानी पत्र आहे, भाऊ आहे, पाळक आहेत, मुलगी आहे. आईचं नाव एकदाच, सातबाऱ्यापुरतं. याच कायद्यानं विधवेचा तिसरा हिस्सा असतो, म्हणजे तीन एकरांतला एक एकर त्यांचा. भाऊ त्यांच्याकडूनही सही घेतोय का? आणि त्यांना काय हवंय, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंय का?