मशीनच्या पोटातली वही : डेबियन सर्व्हरबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमवर चालणाऱ्या सर्व्हरचेच प्रश्न जास्त होते. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्यांच्या स्वतःच्या मशीनवर, एका फोल्डरात, पडून होती. ती कुठे आणि कशी शोधायची, ते उत्तरांच्या ओघात येईलच.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत नवा सर्व्हर येतोय. सॉफ्टवेअर पुरवणारा म्हणतो, 'डेबियन टाका.' पण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, टोरवाल्ड्स मंडळींचा, वेबसर्व्हर अपाचेचा, डेटाबेस पोस्टग्रेसवाल्यांचा. मग डेबियन स्वतः करतं काय? (सातारा)

वाणी तरी तूर कुठे पिकवतो? तो माल निवडतो, खडे काढतो, पुड्या बांधतो, आणि डाळ किडकी निघाली तर आपण भांडायला त्याच्याकडेच जातो. डेबियनचं काम साधारण असंच आहे. इयन मर्डॉक यांनी ते १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केलं. डेब्रा हे त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव, त्यातलं डेब आणि स्वतःचं इयन जोडून डेबियन झालं. मालक कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक एकेक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरची बांधलेली पुडी, सांभाळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ट्रिक्सी म्हणजे तेराव्या आवृत्तीत अशी जवळपास ७० हजार पॅकेजं आहेत.

सर्व्हरवाल्याच्या कामाची गोष्ट पुढे आहे. साधारण दोन वर्षांनी नवी 'स्टेबल' आवृत्ती येते, आणि ती आली की तिच्यातल्या सॉफ्टवेअरचे नंबर गोठतात. त्यानंतर येतात त्या फक्त दुरुस्त्या. तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, त्यापुढे दोन वर्षं एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीचा सपोर्ट. सोमवारी अपडेट मारलं आणि मंगळवारी खातेदारांची रांग लागलेली असताना प्रोग्राम वेगळाच वागू लागला, असं सहसा होत नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. पतसंस्थेला तेच हवं.

प्रश्न : ऑडिटरने रिपोर्टमध्ये लाल शेरा मारलाय : 'ओपनएसएसएच ९.२ जुने व धोकादायक, तात्काळ ९.८ करावे.' मी तर रोज अपडेट करतो! आता मूळ कोडवरून, म्हणजे सोर्सवरून, ९.८ बांधून टाकू का? (पुणे)

नका टाकू. तुमचं बरोबर आहे आणि ऑडिटरचं यंत्र अर्धवट वाचतंय.

१ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधली, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमधली, 'रिग्रेशन' नावाने गाजलेली चूक उघड झाली, सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीतला (सीव्हीई) तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. मूळ लेखकांनी ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. डेबियनने ९.८ आणलं नाही. तेवढीच दुरुस्ती उचलून आपल्या ९.२ वर बसवली. याला बॅकपोर्ट म्हणतात. बाराव्या आवृत्तीत, म्हणजे बुकवर्ममध्ये, दुरुस्त पॅकेजचा पूर्ण नंबर '९.२पी१-२+डेब१२यू३' असा आहे. शेपटीतला 'यू३' महत्त्वाचा : या आवृत्तीवरची तिसरी दुरुस्ती. तुमच्याकडे यू३ किंवा त्यापुढचं काही असेल तर ते भोक बुजलेलं आहे. तुमचा सर्व्हर कनेक्शनच्या सुरुवातीलाच ही शेपटी सांगतोही, पण बरेचसे स्कॅनर '९.२' एवढं वाचून पुढचं सोडून देतात.

ऑडिटरला तोंडी समजावत बसू नका, कागद द्या. डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरमध्ये प्रत्येक सीव्हीईचं स्वतंत्र पान असतं : कोणत्या आवृत्तीत धोका आहे, कोणत्या पॅकेज नंबरपासून तो गेला. ते पान छापा. सोबत तुमच्या मशीनवरचा चेंजलॉग, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांची वही, जोडा. यूएसआर फोल्डरात शेअर, त्यात डॉक, त्यात ओपनएसएसएच-सर्व्हर; तिथे 'चेंजलॉग डॉट डेबियन' नावाची दाबलेली फाइल आहे, 'झेडलेस'ने उघडते. त्यात सीव्हीई क्रमांक तारखेसह दिसेल. माझ्या अनुभवात ही दोन पानं जोडल्यावर शेरा निघतो. सोर्सवरून बांधलेलं ९.८ मात्र तुमच्या गळ्यात पडेल; त्याची पुढची प्रत्येक दुरुस्ती तुम्हालाच, हाताने.

वाणीही कधी माती खातो, तेही सांगतो. २००६ मध्ये डेबियनच्या बाजूने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत केलेल्या एका बदलामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे मे २००८ मध्ये उघड झालं आणि जगभर लोकांनी किल्ल्या बदलल्या. डेबियनने ते लपवलं नाही. अडचणी लपवणार नाही, हे १९९७ च्या त्यांच्या सामाजिक करारातच लिहिलेलं आहे. आज तुम्ही ऑडिटरपुढे ठेवणार आहात ते ट्रॅकरचं पानही त्याच वळणाचं.

प्रश्न : डेबियन १२ टाकलं, वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्यांना अडवणारं फेल२बॅन टाकलं, आणि ते सुरूच होत नाही. 'एसएसएचडीची लॉग फाइल सापडली नाही' म्हणतं. बघितलं तर ऑथ डॉट लॉग खरंच गायब! सर्व्हर हॅक झालाय का? रात्रभर झोप नाही. (कोल्हापूर)

झोपा. कोणी काही चोरलेलं नाही.

डेबियन १२ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये आरसिसलॉग हा नोंदी फाइलींत लिहिणारा प्रोग्राम आपोआप येत नाही. त्यामुळे व्हीएआर-लॉगमधल्या सिसलॉग आणि ऑथ डॉट लॉग या आपल्या जुन्या ओळखीच्या फाइली बनतच नाहीत. नोंदी सगळ्या होतात, पण सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या जर्नलमध्ये. 'जर्नलसीटीएल' चालवून पाहा, कोणी कोणी दार वाजवलं ते दिसेल. फेल२बॅन मात्र जुन्या सवयीने फाइल शोधत बसतं. 'जेल डॉट लोकल' फाइल उघडा, एसएसएचडीच्या (ओपनएसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रामच्या) विभागात 'बॅकएंड' समोर 'सिस्टमडी' लिहा, आणि पायथनचं सिस्टमडी पॅकेज आहे ना ते पाहा. सर्व्हिस पुन्हा सुरू करा. मूळ 'जेल डॉट कॉन्फ'ला हात लावू नका. पुढच्या अपडेटच्या वेळी 'तुमची फाइल ठेवू की नवी घालू?' असा प्रश्न येतो आणि घाईत आपण चुकीचं बटण दाबतो.

लॉगमधला हा बदल बुकवर्मच्या रिलीज नोट्समध्ये लिहिलेला होता, तुम्ही सर्व्हर लावण्याच्या आधीपासून. टोमणा म्हणून सांगत नाही, मीही त्या नोट्स पहिल्यांदा वाचल्या त्या असंच काहीतरी बिघडल्यावर. आता माझा क्रम ठरलाय. काही वेगळं वागलं की आधी त्या पॅकेजच्या डॉक फोल्डरात 'रीडमी डॉट डेबियन' आणि 'न्यूज डॉट डेबियन' आहेत का बघायचं. मूळ लेखकांचं सांगणं सगळ्यांसाठी असतं. या दोन फाइली पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाने तुमच्यासाठी लिहिलेल्या असतात, 'आमच्याकडे हे असं का आहे' ते सांगायला. अपाचेचं रीडमी एकदा जरूर वाचा. अपाचेच्या स्वतःच्या पुस्तिकेत सगळं एका 'एचटीटीपीडी डॉट कॉन्फ'मध्ये. डेबियनमध्ये मात्र 'साइट्स-अव्हेलेबल' आणि 'साइट्स-एनेबल्ड' अशी दोन फोल्डरं, आणि साइट चालू-बंद करायला वेगळ्या कमांड. ही मांडणी डेबियनची. तिचा नकाशा त्या रीडमीत आहे.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमधला सर्व्हर अजून डेबियन १० वर आहे. थेट १२ वर उडी मारली तर चालेल? (नाशिक)

नाही. १० वरून ११, ११ वरून १२. मधली पायरी गाळायची सोय नाही.

प्रत्येक पायरीला त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समधला अपग्रेडचा भाग समोर ठेवा. ११ ला (नाव बुल्सआय; १० चं बस्टर) जाताना सिक्युरिटी रेपॉझिटरीची, म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्यांच्या कोठाराची, ओळ बदलते : 'बस्टर/अपडेट्स'च्या चालीवर नुसतं नाव बदललं तर काम होत नाही, 'बुल्सआय-सिक्युरिटी' असं लिहावं लागतं. १२ ला फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग आला. तो जोडला नाही तर नेटवर्क कार्डाच्या फर्मवेअरचे अपडेट गुपचूप थांबतात. आधी नवी पॅकेजं न घेता साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड, हा क्रमही तिथेच दिलाय. सगळं 'स्क्रिप्ट' कमांडखाली करा, म्हणजे पडद्यावरून सरकून गेलेली ओळ नंतर वाचता येते.

पुढे १३ वर जाल तेव्हा एक गोष्ट विसरू नका. तिथे तात्पुरत्या फाइलींचा टीएमपी फोल्डर डिस्कवरून मेमरीत गेलाय, मर्यादा अर्ध्या रॅमची. लॅबच्या सर्व्हरला ४ जीबी रॅम असेल तर टीएमपी २ जीबीचा. रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट ३ जीबीचा डेटाबेस आधी टीएमपीत ओतत असेल, तर ती पहिल्याच रात्री आडवी होईल आणि तुम्हाला कळेल ते बॅकअप लागेल त्या दिवशी. स्क्रिप्ट आजच उघडून पाहा.

प्रश्न : लिनक्स कोणतं घेऊ : रॉकी, अल्मा, उबंटू की डेबियन? एका ओळीत सांगा. (बंगळूर)

तुमचं सॉफ्टवेअर ज्याच्यावर तपासून दिलंय ते.

दुसरी ओळ न मागता : सेंटॉस ८ हे मोफत लिनक्स घेतलेल्यांना २०२९ पर्यंत निवांत वाटत होतं, आणि ८ डिसेंबर २०२० ला ते ज्यांच्या हाती होतं त्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की ते २०२१ अखेर बंद. रॉकी आणि अल्मा त्याच दणक्यातून जन्मले. तेव्हा निवडताना वैशिष्ट्यांच्या तक्त्याइतकंच, निर्णय कोणाच्या हातात आहे तेही बघा.

प्रश्न : एकाच गोष्टीची दहा ठिकाणी दहा उत्तरं मिळतात. विश्वास कशावर ठेवायचा? (मडगाव)

खूप वर्षांपूर्वी एका छोट्या छापखान्याचा सर्व्हर माझ्याकडे होता. पीएचपीची नवी आवृत्ती हवी होती. एका लेखात सहा ओळी सापडल्या, टाकल्या, चाललं. लेख उबंटूसाठीचा होता आणि त्यातली रेपॉझिटरीही, हे शीर्षकात स्पष्ट लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. दोन महिन्यांनी साधं अपडेट करताना अर्धी लायब्ररी इकडची, अर्धी तिकडची, आणि पॅकेज मॅनेजर म्हणतोय की अठ्ठ्याऐंशी पॅकेजं काढावी लागतील. गणपतीच्या अहवालांची छपाई तोंडावर. शनिवार-रविवार घालवून नवा सर्व्हर उभा केला. या प्रकाराला डेबियनच्या विकीवर 'फ्रँकनडेबियन' असं नाव आहे, आणि तो टाळण्यासाठी 'डोन्ट ब्रेक डेबियन' नावाचं आख्खं पान. मी ते पान वाचलं ते रविवारी रात्री.

तेव्हापासून कोणताही सल्ला वाचताना मी पहिल्यांदा बघतो, हा कोणत्या आवृत्तीसाठी आहे. मॅन पान, म्हणजे 'मॅन' कमांडने उघडणारी पुस्तिका, सगळ्यात विश्वासाचं, कारण ते तुमच्याकडच्याच पॅकेजबरोबर आलेलं असतं. डेबियनच्या मॅन पानांच्या संकेतस्थळावरही आवृत्ती निवडता येते. पायापासून शिकायचं असेल तर राफाएल हर्ट्झोग आणि रोलां मास यांचं डेबियन ॲडमिनिस्ट्रेटरचं हँडबुक मोफत वाचायला मिळतं, फक्त ते कोणत्या आवृत्तीवर बेतलंय ते पहिल्या पानावर बघून घ्या. विकीचं असं आहे की काही पानं सोन्यासारखी, काही दहा वर्षं कोणी झाडलेली नाहीत. पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची तारीख असते. आर्च या दुसऱ्या लिनक्सची विकी मीसुद्धा वाचतो, फार नीट लिहिलेली आहे, पण समजून घेण्यापुरती. तिथल्या कमांड आणि फाइलींच्या जागा जशाच्या तशा उचलू नका. चॅटबॉटने दिलेल्या कमांडलाही हाच नियम, थोडा जास्त कडक : त्यातला प्रत्येक पर्याय मॅन पानात खरंच आहे का ते पाहिल्याशिवाय एंटर नाही.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंग बेताचं. डेबियनसाठी काही करायची इच्छा आहे, मराठीतून करता येईल का? (अमरावती)

येईल. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतून चालतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. ग्राफिकल इन्स्टॉलर निवडा. साध्या मजकुरी पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं नीट उमटत नाहीत, म्हणून तिथे हा पर्याय मिळत नाही. एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीतून इन्स्टॉल करा आणि जिथे अडखळाल, हसाल किंवा अर्थच लागणार नाही, तिथला स्क्रीनशॉट काढा. डिस्कचे भाग पाडायच्या पडद्यावर जास्त लक्ष द्या, तिथे गैरसमज झाला तर माणसाचा डेटा जातो. भाषांतराच्या फाइली 'पीओ' प्रकारच्या असतात : वर इंग्रजी ओळ, खाली मराठी. त्यासाठी कोडिंग लागत नाही, चांगलं मराठी लागतं. कामाच्या सर्व्हरवर मात्र भाषा इंग्रजीच ठेवा, एररची ओळ शोधायला सोपी जाते.

दुसरं काम याहून सोपं. एखाद्या रीडमीत किंवा मॅन पानात चूक दिसली, तर 'रिपोर्टबग' हा प्रोग्राम चालवून कळवा. पॅकेजचं नाव आणि आवृत्ती तो स्वतःच भरतो. काय लिहिलंय, काय असायला हवं, तुम्ही कसं तपासलं, एवढं साध्या इंग्रजीत पुरे. तुमचा ईमेल पत्ता तिथे सगळ्यांना दिसतो आणि कायम राहतो, तेव्हा या कामासाठी वेगळा पत्ता काढा. उत्तराची घाई करू नका, समोरचाही नोकरी सांभाळून हे करतोय. तुमच्या बगचा क्रमांक दहा लाखांच्या वरचा येईल. आला की मला कळवा, मी वाचेन.