भाडेकरूचं कुत्रं चावलं, आता घरमालक अडकणार का?

प्रश्न: वडगावातलं घर भाड्यानं दिलंय, भाडेकरूचं कुत्रं शेजारच्या काकूंना चावलं आणि ते लोक दवाखान्याचं बिल माझ्याकडं मागायलेत ओ, काय करू?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: बिलाचं नंतर, आधी काकूंची रेबीजची इंजेक्शनं चालू झाली का बघा. कुत्रं ज्याच्या ताब्यात, जबाबदारी मुख्यतः त्याचीच, भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली अशा निष्काळजीपणाला 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं घर तुमचं म्हणून सहसा तुम्ही अडकत नाही. पण कुत्रं अंगावर येतंय हे माहीत असून गप्प बसला असाल, मोडकं गेट तसंच ठेवलं असेल, तर भरपाईच्या दाव्यात तुम्हालाही ओढतील. भाडेकरूला लेखी नोटीस द्या, आजच, आणि पोच घ्या.