आय-२० वरचा ‘९ महिने’ हा शब्द वाचलात का?

एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे: मुलाला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाचा आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा, खर्चाचा अंदाज छापलेला कागदही आला आहे. ‘आय-२० प्रमाणे खर्च ५८ हजार डॉलर, म्हणजे ५२ लाख. १८ लाखांची एफडी आहे, बँकेने २० लाखांचे शैक्षणिक कर्ज मंजूर केले आहे. १४ लाख कमी पडतात. कन्सल्टंट महिनाभरासाठी १५ लाख माझ्या खात्यात ठेवतो आणि व्हिसाची मुलाखत झाली की काढून घेतो. चार्ज ४५ हजार. दर वाजवी आहे का?’ वाचकाचे वय ५४, हातात येणारा पगार १ लाख १० हजार. मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून २०१७ पासून वर्षाला अडीच लाख भरत असलेली एक पॉलिसी आहे. ती २०३२ मध्ये पिकणार, म्हणून हिशेबात धरलेली नाही. सोबत आय-२० चे पहिले पान जोडले आहे.

आधी दराचे बोलू. १५ लाखांवर महिन्याला ४५ हजार म्हणजे महिना ३ टक्के, वर्षाला ३६. पण त्याने फुकट दिले तरी घेऊ नका. पैसे कमी दिसले म्हणून व्हिसा नाकारला गेला, तर तयारी करून पुन्हा अर्ज करता येतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर मुलावर अमेरिकेची कायमची बंदी येऊ शकते. बँक स्टेटमेंटमध्ये अचानक उगवलेले १५ लाख ओळखायला फार हुशारी लागत नाही. शिवाय प्रायोजक म्हणून कागदांवर सही तुमची असणार, कन्सल्टंटची नाही.

आता तुम्ही न विचारलेले. तुम्ही पाठवलेल्या पानावर खर्चाची जी चौकट आहे, तिच्या मथळ्यात ‘९ महिने’ असे छापले आहे. त्याच पानावर अभ्यासक्रमाची मुदत ऑगस्ट २०२६ ते मे २०२८ अशी आहे. म्हणजे ५२ लाख हा एमएसचा खर्च नाही, एका शैक्षणिक वर्षाचा आहे. दोन वर्षांचे १ कोटी ४ लाख. मधल्या उन्हाळ्याचे भाडे-जेवण, विमानाची तिकिटे आणि थोडी फीवाढ धरली की १ कोटी १० लाख. तुमची तूट १४ लाखांची नाही, ७२ लाखांची आहे. विद्यापीठ आणि दूतावास पहिल्या वर्षाच्या पैशांवर जास्त भर देतात, म्हणून सगळे घर त्याच आकड्याभोवती फिरते. दुसऱ्या वर्षाची फी कोण भरणार, हे पत्रात कुठेच नाही.

‘राहण्याचा खर्च मुलगा पार्टटाइम करून काढेल,’ असे मात्र लिहिले आहे. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवर, एवढीच मुभा असते. पहिल्या वर्षी बाहेर नोकरी चालत नाही. तासाला १३ डॉलर धरा, ३५ आठवडे धरा: ९ हजार डॉलर, म्हणजे ८ लाख. तेसुद्धा काम मिळाले तर. मिळाले तर आनंद आहे, पण बजेटमध्ये शून्य लिहा.

पॉलिसीकडे वळतो, कारण राग तिचाच येतो. शिक्षण २०२६ ला सुरू होणार हे मुलाच्या वयावरून कोणालाही सांगता आले असते. तरी शिक्षणाच्या नावाने २०३२ ला पिकणारी पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली गेली. ९ हप्ते, साडेबावीस लाख भरून झाले आणि आज मोडली तर, तुम्हीच लिहिता, १७ लाख मिळतात. साडेपाच लाखांचे नुकसान डोळ्यांना खुपते, म्हणून तुम्ही तिला हात लावत नाही आणि १५ लाख भाड्याने आणायला निघता! मोडा. ते पैसे तुमचे आहेत, कोणालाही दाखवता येतात, आणि वर्षाचे अडीच लाख मोकळे होतात. फक्त आधी स्वतःचा टर्म विमा काढा, तो हातात आला की मगच मोडा. कर्जावर सहअर्जदार तुम्हीच असणार.

एफडी आणि पॉलिसी मिळून ३५ लाख. उरलेल्या ७५ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घेतले आणि शिकताना चढलेले व्याज त्यात मिळवले, तर दहा वर्षांचा हप्ता १ लाख १५ हजारांच्या पुढे जातो. तुमचा पूर्ण पगार कमी पडतो, आणि ते फिटेपर्यंत तुम्ही ६६ च्या पुढे गेलेले असाल. ‘मुलगा तिकडे कमावून फेडेल’ ही आशा आहे. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे तिकडे काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीवर, १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखा असेल तर आणखी २४ महिने काम करता येते. त्यापुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. सोडतीवर घर तारण ठेवत नाहीत.

माझे मत: या विद्यापीठात, या वर्षी, नको. वर्षाला ३५ हजार डॉलरचे सरकारी विद्यापीठ मिळाले तर दोन वर्षांचे ६३ लाख, वरखर्चासह ६८. कर्ज ३३ लाख, हप्ता ५०-५५ हजार. कष्टाचे आहे, पण पेलेल. पीएफला हात लावू नका.

याच आठवड्यात विद्यापीठाला दोन गोष्टी विचारा: प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, आणि असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामात मदत करून मिळणारे मानधन किंवा फीसवलत) मिळण्याची शक्यता किती. उत्तर येईपर्यंत सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर भरू नका. ते सहसा परत मिळत नाहीत.