आयसी बदलला, आता एकच बॅटरी लवकर उतरते

प्रश्न : दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारा सीमॉय पद्धतीचा (छोटा, घरी बांधण्याजोगा) हेडफोन अ‍ॅम्प मी घरी बनवला. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यापुढे ग्राउंडला १०० के (किलोओहम) रेझिस्टर, फीडबॅकला १० के आणि १ के, म्हणजे गेन (सिग्नलची वाढ) ११ पट. ओपीए२१३४ हा आयसी होता तोवर छान वाजायचा. ३२ ओहमच्या हेडफोनला जोर मिळावा म्हणून त्याच सॉकेटमध्ये एनई५५३२ बसवला. आता जॅक लावताना ‘धप्प’ आवाज येतो आणि एकच बॅटरी, दरवेळी त्याच बाजूची, लवकर उतरते. असं का?

उत्तर : आधी हेडफोन काढून ठेवा, मग पुढचं वाचा. उतरणारी बॅटरी ऋण बाजूची असणार, हे तुमचा अ‍ॅम्प न पाहताही सांगतो.

पिना जुळल्या म्हणजे आयसी जुळले असं नाही. ओपीए२१३४ च्या इनपुटला फेट जातीचे ट्रान्झिस्टर असतात. ते पाच पिकोअँपिअरच्या आसपास करंट घेतात, म्हणजे नसल्यात जमा. एनई५५३२ मध्ये एनपीएन जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, त्यांच्या बेसला, म्हणजे इनपुटच्या टोकाला, साधारण २०० नॅनोअँपिअर लागतात. कपॅसिटर डीसी (एकाच दिशेचा स्थिर करंट) अडवतो, मग हा करंट येणार तुमच्या १०० के मधूनच. तिथे २० मिलिव्होल्ट पडतात; त्याला ११ ने गुणा. गाणं बंद असतानाही आउटपुटवर उणे २२० मिलिव्होल्ट! जॅक लावताना ‘धप्प’ होतं ते यामुळेच. ३२ ओहममधून सतत सात मिलिअँपिअर, दोन्ही कानांचे चौदा, आणि हा सगळा भार ऋण बॅटरीवर. आयसीचे स्वतःचे आठेक धरले तर एका बॅटरीवर ८, दुसरीवर २२.

मला काळजी बॅटरीची नाही, हेडफोनची आहे. माझ्या एका अ‍ॅम्पमध्ये बॅटरीची क्लिप सैल झाली आणि आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटलं. डावीकडचा आवाज चिरका झाला, मग वार्निश जळल्याचा वास आला, मग काहीच ऐकू येईना. उघडून पाहिलं तर केसाएवढी बारीक तार काळी पडली होती. तेव्हापासून माझ्या खणात एक जॅक असतो, दोन्ही चॅनेलना ३३ ओहमचे रेझिस्टर डागलेला. नवा अ‍ॅम्प आधी त्याला जोडायचा, इनपुट मोकळं ठेवायचं आणि मल्टिमीटरने दोन्हींवरचा डीसी मोजायचा. दहा मिलिव्होल्टच्या वर असेल तर मी हेडफोन लावत नाही.

खरं तर जोरही वाढलेला नाही. दोन्ही आयसींची शॉर्टसर्किट मर्यादा (जास्तीत जास्त देता येणारा करंट) चाळीस मिलिअँपिअरच्या आसपासच आहे. म्हणून सरळ ओपीए२१३४ परत बसवा, हे माझं मत. एनई५५३२ च ठेवायचा असेल (आयसी चांगलाच आहे, नॉइजही कमी) तर सर्किट त्याच्याजोगं करा. १०० के च्या जागी १० के लावा, पण मग कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा फिल्मवाला हवा, नाहीतर गाण्यातला खर्जाचा आवाज (बास) जाईल. फीडबॅकचा १० के काढून ३.३ के घाला. गेन ४.३ होईल, ३२ ओहमला तो पुरतो. डीसी नऊ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवा, पण प्रत्येक आयसीचा आकडा वेगळा, तेव्हा मोजाच.

आणि तुमचा स्विच दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडतो ना? एकच तोडत असेल तर माझ्या सैल क्लिपसारखंच होईल, तो आधी बदला.