मार्व्हल आणि डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपन्यांपैकी सर्जनशीलतेत जास्त घसरण कोणाची झाली?

माझ्या मते मार्व्हलची, आणि त्याची जखम २००७ सालची आहे. स्पायडर-मॅनच्या, म्हणजे पीटर पार्करच्या, मे काकूला गोळी लागते. तिचा जीव वाचवण्यासाठी पीटर आणि त्याची बायको मेरी जेन मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतात आणि १९८७ मध्ये झालेलं त्यांचं लग्न कधी झालंच नव्हतं, असं होऊन बसतं. वीस वर्षं त्या दोघांसोबत मोठ्या झालेल्या वाचकांच्या आठवणीच पुसल्या की! नायक मोठा झाला तर विकला जाणार नाही, ही भीती त्यामागे होती. खरी घसरण या भीतीतच आहे.

डीसीही धुतल्या तांदळासारखी नाही. २०११ मध्ये त्यांनी एकदम ५२ मासिकं पहिल्या अंकापासून सुरू केली. ९०४ अंकांची परंपरा असलेलं 'ॲक्शन कॉमिक्स'सुद्धा त्यात एकवर आलं. पण २०१६ मध्ये जुनी मोजणी परत धरून ते ९५७ या आकड्यापासून पुढे सुरू झालं, म्हणजे चूक मान्य तरी केली.

'आता चांगलं काही येतच नाही' हे मात्र मला अजिबात पटत नाही. मार्व्हलचाच २०१८ ते २०२१ मधला ५० अंकांचा 'इमॉर्टल हल्क' वाचा, अंगावर काटा येतो. २०२४ मध्ये आलेल्या, वेगळ्या विश्वात घडणाऱ्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'मध्ये पीटर दाढीवाला, दोन मुलांचा बाप आहे, मेरी जेन त्याची बायको आहे, आणि स्पायडर-मॅन तो त्यानंतर होतो. मोठा झालेला पीटर वाचकांनी आनंदाने घरात घेतला.